तुळशी पाइप रोडवरच्या गिरण्या आणि रत्नागिरीचा वाटा

मुंबईच्या गिरण्यांच्या इमारतींचे काय झाले, हा प्रश्न मुंबईचा म्हणून मांडला जातो. वास्तुरचनाकार, बिल्डर, महापालिका आणि न्यायालये यांच्यातच तो फिरत राहतो. रत्नागिरीत बसून पाहिले की या यादीतून एक नाव सुटल्याचे लक्षात येते. १९११च्या जनगणनेत मुंबईच्या गिरणी कामगारांपैकी जवळजवळ निम्मे रत्नागिरी जिल्ह्यात जन्मलेले होते. तेव्हाचा जिल्हा मंडणगड-दापोलीपासून मालवण-वेंगुर्ल्यापर्यंत पसरलेला होता. सिंधुदुर्ग वेगळा झाला तो १ मे १९८१ ला. १९३१पर्यंत हे प्रमाण चौथाईच्या आसपास उतरले, कारण घाटावरून आणि उत्तरेतून माणसे येऊ लागली होती. तरी त्या दगडी भिंतींच्या आत पिढ्यानुपिढ्या जे काम झाले त्यातला फार मोठा हिस्सा आपल्या माणसांचा आहे. त्या वास्तूंपैकी काय उरले, काय गेले आणि कशामुळे गेले, याचा हिशेब मागण्याचा हक्क रत्नागिरीला आहे.

माणसे गेली ती हौसेने गेली नाहीत. जांभ्याच्या कातळावरची उथळ माती, पावसाळ्यात एक भाताचे पीक, तुकड्या-तुकड्यांची जमीन आणि डोक्यावर खोत. खोती नष्ट करण्याचे विधेयक डॉ. आंबेडकरांनी १९३७ मध्ये मुंबईच्या विधिमंडळात मांडले. कायदा व्हायला १९४९ साल उजाडले. तोवर शेतसारा, कर्ज आणि लग्नकार्य यांसाठी लागणारा रोख पैसा मिळण्याची जागा एकच होती. आगबोटीने मुंबईला जायचे, गाववाल्यांच्या खोलीत वळकटी टाकायची आणि ओळखीच्या जॉबरमार्फत, म्हणजे कामगार भरती करणाऱ्या मुकादमामार्फत, गिरणीत चिकटायचे. लोकमान्य टिळकांचा जन्म रत्नागिरीत १८५६ चा, आणि कावसजी नानाभाई दावर यांची मुंबईतली पहिली कापडगिरणी ताडदेवला चालू झाली तेही १८५६ मध्येच. बावन्न वर्षांनी, जुलै १९०८ मध्ये, टिळकांना सहा वर्षांची शिक्षा झाली तेव्हा गिरणी कामगारांनी वर्षाला एक दिवस या हिशेबाने सहा दिवस गिरण्या बंद ठेवल्या. गोळीबार झाला, माणसे मेली. हा संप रत्नागिरीच्या इतिहासाचाही भाग आहे, आणि तो ज्या दारांसमोर घडला ती दारेही.

कारखान्यांच्या इमारतींना वारसा मानण्याची गोष्ट निघाली की लंडनच्या ग्रेट वेस्ट रोडचे उदाहरण आठवते. १९२५ मध्ये खुल्या झालेल्या या रुंद मोटाररस्त्याच्या दुतर्फा दहा-बारा वर्षांत नवे कारखाने उभे राहिले: टायर, दाढीची पाती, आग विझवण्याची यंत्रे. आर्ट डेको म्हणून ओळखल्या जाणाऱ्या शैलीत बांधलेले, पांढरे, लांबलचक, मध्यभागी भव्य दार, रंगीत फरशांची नक्षी, पुढे हिरवळ आणि रात्री दिव्यांचा झगमगाट. वॉलिस, गिल्बर्ट आणि मंडळींनी १९२८ मध्ये बांधलेला फायरस्टोनचा टायर कारखाना त्यातला नामांकित. १९८० च्या ऑगस्टमध्ये, सुट्टीचा शनिवार-रविवार गाठून, नव्या मालकाने त्याचा दर्शनी भाग पाडून टाकला, कारण त्याला कायद्याचे संरक्षण मिळण्याची वेळ अगदी जवळ आली होती. लोक संतापले. त्या संतापाचा परिणाम असा झाला की त्याच वर्षी त्याच वास्तुरचनाकारांच्या हूवर कारखान्याला वरच्या दर्जाचे संरक्षण मिळाले. आज त्याच्या मागच्या भागात सुपरमार्केट आहे, मुख्य इमारतीत राहती घरे आहेत, आणि रस्त्यावरून तो दिसायचा तसाच दिसतो. त्याच फायरस्टोनचा मुंबईतला टायर कारखाना शिवडीला होता. मोटारी जोडण्याचा जनरल मोटर्सचा कारखानाही १९२८ पासून तिथेच.

मग मुंबईत असा डेको कारखान्यांचा रस्ता का झाला नाही? शैली तर मुंबईत आली होती, आणि जोरात आली होती. १९२५च्या पॅरिसच्या प्रदर्शनातून जगभर पसरलेल्या या पद्धतीला मुंबईच्या समुद्रभरणीवर मोकळी जागा मिळाली. गजानन म्हात्रे यांच्यासारखा मराठी वास्तुरचनाकार, मास्टर, साठे आणि भूता यांची संस्था, जे. जे. मधून शिकून बाहेर पडलेली तरुण मुले अशा सगळ्यांनी मिळून ओव्हल मैदानाची पश्चिम बाजू आणि मरीन ड्राइव्ह घडवला. वळणदार गच्च्या, खिडक्यांवर भुवयांसारखे छज्जे, जहाजाच्या कठड्यांसारखे कठडे. १९३६ मध्ये दहा सिमेंट कंपन्या एकत्र येऊन एसीसी झाली, आणि सिमेंट काँक्रीट हे आधुनिक घराचे नावच झाले. रिगल, इरॉस, मेट्रो ही चित्रपटगृहे त्याच दशकातली. ३० जून २०१८ रोजी युनेस्कोने मुंबईच्या गॉथिक आणि डेको इमारतींच्या या समूहाला जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली. समूहात ९४ इमारती आहेत. न्यायालय आहे, विद्यापीठ आहे, राहती घरे आहेत, चित्रपटगृहे आहेत. गिरणी एकही नाही.

याला एक साधे कारण आहे. लंडनच्या रस्त्यावरचे कारखाने घरगुती ग्राहकाला विकायच्या वस्तू करत होते. रस्त्याने जाणारा मोटारवालाच उद्या पाती आणि टायर विकत घेणार, म्हणून इमारत हीच जाहिरात. मुंबईच्या गिरणीचा ग्राहक रस्त्यावर नव्हता. तो मुळजी जेठा मार्केटातल्या गादीवर होता. गिरणीला रस्त्याकडे तोंड करून कोणाला काही दाखवायचे नव्हते. तिला उंच कुंपणभिंत, एक मोठा दरवाजा, दरवाजाशी वेळ पाहणारा कारकून आणि तासांवर नजर ठेवणारे घड्याळ पुरे होते. मालकांनी आपली ऐट बॅलार्ड इस्टेट आणि फोर्टमधल्या कचेऱ्यांत दाखवली. कापूस आणि कापडाच्या व्यापारातल्या पैशाने मुंबईच्या समुद्रकिनाऱ्याला रूप आले. त्या पैशाच्या उगमाची जागा मात्र भिंतीआडच राहिली.

दुसरे कारण काळाचे. गिरणगावाचा मोठा भाग विसावे शतक लागण्याच्या सुमारासच बांधून झाला होता. त्यातही काही बदल झाले आणि ते समजून घेण्यासारखे आहेत. वाफेच्या काळातली गिरणी म्हणजे मध्यभागी इंजिनघर, त्याला चिकटून बॉयलर, बॉयलरला पाणी देणारे तळे आणि धूर ओढून नेणारे धुराडे. सगळ्या मजल्यांवरचे दांडे आणि पट्टे त्या एका इंजिनावर फिरायचे, म्हणून इमारत गच्च आणि उंच. टाटांची जलविद्युत १९१५ मध्ये खोपोलीहून मुंबईत आली आणि गिरण्याच तिच्या पहिल्या मोठ्या गिऱ्हाईक झाल्या. यंत्राशी स्वतंत्र मोटर आली की इंजिनघराची सक्ती संपते, इमारत पसरट होऊ शकते, मोठ्या खिडक्या घेता येतात. युरोप-अमेरिकेतला डेको कारखाना याच स्वातंत्र्यातून निघाला. मुंबईत मात्र जुन्या भिंतीतच नवी मोटर बसली. विशीच्या दशकापासून गिरण्या मंदीत होत्या, संपांनी घेरलेल्या होत्या, आणि नवी इमारत बांधण्याचा उत्साह मालकांत उरला नव्हता. काँक्रीट गिरणगावात आले ते वेगळ्या रूपात, बीडीडी चाळींच्या. विशीच्या दशकात सरकारच्या विकास खात्याने बांधलेल्या या २०७ इमारती: वरळीला १२१, नायगावला ४२, डिलाइल रोडला ३२, शिवडीला १२. मरीन ड्राइव्हला गोलाई मिळाली त्याच सामग्रीचे कामगाराच्या वाट्याला आलेले रूप उघडेबोडके होते.

डेकोच्या काळाची गिरणगावातली सगळ्यांना माहीत असलेली खूण म्हणजे लालबागचे भारतमाता चित्रपटगृह. तीसच्या दशकाच्या शेवटी लक्ष्मी थिएटर म्हणून ते सुरू झाले. जागा इंडिया युनायटेड मिल क्रमांक १ ची. पाळी सुटल्यावर थेट पडद्यासमोर जाता यावे इतके ते गिरणीच्या जवळ आहे, आणि मराठी चित्रपटांना हक्काची जागा म्हणून ते टिकले. जमिनीच्या भाडेकराराच्या वादात ते जाण्याची वेळ आली तेव्हा मराठी कलावंत आणि प्रेक्षक रस्त्यावर उतरले. भारतमाता उभे राहिले ते लोकांनी आपले म्हटल्यामुळे, आणि पुढच्या सगळ्या हिशेबात हा मुद्दा महत्त्वाचा आहे.

आता रस्ता. महालक्ष्मीपासून माहीमपर्यंत रेल्वेला धरून जाणारा सेनापती बापट मार्ग. जुन्या लोकांच्या तोंडी अजून तुळशी पाइप रोड, कारण १८७९ मध्ये बांधलेल्या तुळशी तलावाचे पाणी शहरात आणणारी नळवाहिनी याच्या कडेने गेली. नवे नाव ज्यांचे आहे त्या पांडुरंग महादेव बापटांनी १९२१ पासून मुळशीच्या धरणाविरुद्ध मावळातल्या शेतकऱ्यांचा सत्याग्रह लढवला. ते धरण मुंबईच्या गिरण्यांना वीज देण्यासाठी होते. भाताची खाचरे बुडालेला मावळा आणि भाताची खाचरे सोडून आलेला कोकण्या, दोघांचाही या रस्त्याशी असा संबंध आहे.

महालक्ष्मीच्या बाजूला शक्ती मिलचे अवशेष आहेत. छप्पर गेलेल्या, झाडे उगवलेल्या भिंती. २०१३ नंतर या नावाला एका भीषण गुन्ह्याची आठवण चिकटली आणि तिथे कापड निघत होते हे लोक विसरून गेले. पडीक ठेवलेली वास्तू ही वाचलेली वास्तू नव्हे, हे शक्ती मिलकडे पाहून कोणाच्याही ध्यानात यावे.

लोअर परळला फिनिक्स मिल, १९०५ ची. नव्वदच्या दशकाच्या शेवटी तिच्या आवारात दुकाने, खेळ, खाणावळी सुरू झाल्या आणि पुढच्या दहा वर्षांत मुंबईतल्या सर्वांत गजबजलेल्या मॉलपैकी एक तिथे झाला. धुराडे राहिले आहे. त्याच्याभोवती फिरणाऱ्या तरुणांपैकी किती जणांना ते कशाचे होते हे माहीत असेल, असा प्रश्न नेहमी विचारला जातो. माझ्या मते दोष त्या तरुणांचा नाही. ज्या बॉयलरचा धूर त्यातून जायचा तो बॉयलर, त्याला पाणी देणारे तळे, त्याने फिरवलेले मजले हे सगळे काढून घेतल्यावर धुराडे दारावर लावलेल्या तोरणासारखे उरते. नुसते धुराडे राखून वारसा जपल्याचे समाधान मानण्याची जी पद्धत मुंबईत पडली तिला माझा स्पष्ट विरोध आहे.

कमला मिल आणि रघुवंशी मिल यांची गोष्ट वेगळी. इथे बऱ्याच जुन्या शेड शाबूत राहिल्या आणि त्यांतच कचेऱ्या, हॉटेले, फर्निचरची दुकाने आली. रघुवंशीत शिरले की करवती छपराखालून आजही चालता येते. इमारत वापरात राहिली की ती टिकते, हे खरेच. पण कमला मिलच्या आवारात २९ डिसेंबर २०१७ ला गच्चीवरच्या हॉटेलांना आग लागून १४ माणसे गेली. जुन्या औद्योगिक आवारात मिळेल त्या कोपऱ्यात दाटीवाटीने नवे धंदे भरण्याचे काय होते, ते त्या रात्री दिसले. गिरण्या स्वतः आगीबाबत जागरूक असत. तेलाने माखलेल्या लाकडी जमिनी आणि हवेत तरंगणारा कापूस यांमुळे त्यांना तसे राहावेच लागे. जिन्याच्या मनोऱ्यावर पाण्याची टाकी बसवायची रीत त्यातूनच आली. इमारतीची ती समज नव्या वापराबरोबर पुढे गेली नाही.

पुढे ज्युपिटर आणि एल्फिन्स्टन. दोन्ही राष्ट्रीय वस्त्रोद्योग महामंडळाच्या ताब्यातल्या, दोन्ही २००५ मध्ये विकल्या गेल्या, ज्युपिटर २७६ कोटींना आणि एल्फिन्स्टन ४४१ कोटींना. आज तिथे काचेचे कार्यालयीन मनोरे आहेत. त्याच वर्षी दादरची कोहिनूर मिल क्रमांक ३ (४२१ कोटी), मुंबई टेक्स्टाइल मिल (७०२ कोटी) आणि अपोलो मिल (१८० कोटी) गेल्या. एका वर्षात पाच सार्वजनिक गिरण्यांचे दोन हजार कोटींच्या वर पैसे आले आणि पाच कारखान्यांचा नकाशा पुसला गेला. दादरच्या टोकाला रुबी मिल. तिच्या जागेवर तिच्याच नावाचा मनोरा आहे.

आजूबाजूच्या रस्त्यांचे चित्र याहून वेगळे नाही. श्रीनिवास मिलच्या जागी गगनचुंबी घरे, मोरारजी आणि डॉन मिलच्या जागी घरे आणि कचेऱ्या, महालक्ष्मीच्या मॉडर्न मिलच्या जागी घरे. कुलाब्याच्या मुकेश मिलचे अवशेष समुद्राकाठी चित्रीकरणाला भाड्याने मिळत राहिले. इंडिया युनायटेड क्रमांक ६, म्हणजेच इंदू मिल, हिच्या साडेबारा एकरांवर बाबासाहेबांचे स्मारक होत आहे, आणि या एका बदलाबद्दल कोणत्याही कामगाराच्या घरात खंत असणार नाही. काळाचौकीच्या इंडिया युनायटेड क्रमांक २-३ मध्ये महापालिकेचे वस्त्रोद्योग संग्रहालय व्हायचे ठरले. ते वर्षानुवर्षे आकार घेत आहे.

हे इतके सरसकट का झाले? १८ जानेवारी १९८२ ला डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली अडीच लाखांच्या आसपास कामगार संपावर गेले, हे सगळ्यांना ठाऊक आहे. संप मागे घेतल्याची रीतसर घोषणा कधीच झाली नाही. १९८३ मध्ये सरकारने आणखी १३ गिरण्या ताब्यात घेतल्या. पण इमारती पाडल्या त्या संपाने नव्हे. त्या पाडल्या नियमाने. १९९१च्या विकास नियंत्रण नियमावलीतल्या ५८ व्या कलमाने गिरणीची जमीन विकसित करताना तिचे साधारण तीन वाटे सांगितले: एक मोकळ्या जागेसाठी महापालिकेला, एक परवडणाऱ्या घरांसाठी म्हाडाला, एक मालकाला. १९९६ मध्ये चार्ल्स कोरिया यांच्या समितीने महामंडळाच्या गिरण्यांचा एकत्रित आराखडा सुचवला, ज्यात रस्ते, मैदाने आणि जपण्याजोग्या इमारती यांचा मेळ होता. तो बाजूला पडला. २००१ मध्ये कलम बदलले आणि वाटणी फक्त आधीपासून मोकळ्या असलेल्या जमिनीची करायची असे ठरले. इमारतीखालची जमीन, इमारत पाडली तरी, वाटणीबाहेर. मुंबई उच्च न्यायालयाने ऑक्टोबर २००५ मध्ये याविरुद्ध निकाल दिला, सर्वोच्च न्यायालयाने ७ मार्च २००६ ला तो फिरवला.

या बदलाची चर्चा झाली ती मैदाने आणि घरे यांच्या अंगाने, आणि ती होणे रास्तच होते. वास्तूंवर झालेल्या परिणामाकडे मात्र फारसे कोणी पाहिले नाही. जुनी शेड आता मालकाच्या दृष्टीने चौरस फुटांचे प्रमाणपत्र झाली. तिने किती जागा अडवली होती याची कागदावर नोंद झाली की तिचे काम संपले. नंतर ती पाडून तेवढेच बांधकाम उंचीवर उभारता येत होते. इमारत असण्याला किंमत आली, इमारत राहण्याला आली नाही. मरीन ड्राइव्हच्या घरमालकाला गोलाई राखण्याचे कारण आहे, कारण तीच त्याच्या घराची प्रतिष्ठा आहे. गिरणीच्या शेडला राखण्याचे कारण नियमानेच काढून घेतले.

काय गमावले हे नीट कळावे म्हणून साळखात्याचे, म्हणजे विणाई विभागाचे, एकच उदाहरण घेतो. कताई वरच्या मजल्यांवर चालायची, पण मागांचे दणके मजल्यांना सोसत नाहीत, म्हणून विणाई जमिनीवर. एकमजली, अवाढव्य शेड. वर करवतीच्या दात्यांसारखे छप्पर. प्रत्येक दात्याची तिरपी बाजू बंद, उभी बाजू काचेची, आणि काच उत्तरेकडे. त्यामुळे ऊन थेट आत येत नाही, पण दिवसभर सारखा उजेड येतो, आणि साच्यावर, म्हणजे मागावर, उभ्या असलेल्या माणसाला तुटलेला धागा डोळे न ताणता दिसतो. कोरड्या हवेत सूत तुटते म्हणून हवेत ओल राखायची. खाली बिडाचे खांब, रांगेत, ठरावीक अंतरावर, साच्यांच्या मापाने. म्हणजे खांब कुठे उभा राहील हे साच्याने ठरवले, छप्पर कुठे उघडेल हे धाग्याने ठरवले. इमारत आणि काम यांची इतकी घट्ट सांगड घातलेली वास्तू मुंबईत दुसरी नव्हती. तिच्या आतला आवाज इतका की माणसे हातवाऱ्यांनी आणि ओठांवरून बोलायची; गावाला आलेला साळखात्यातला कामगार मोठ्याने बोलतो म्हणून लोक त्याला ओळखायचे. समोर सुंदर दर्शनी भाग नसला तरी ही वास्तुकला आहे. दर्शनी भाग नाही म्हणून तिच्याकडे वारसा म्हणून पाहायला आपल्याला उशीर झाला, हे माझे म्हणणे आहे.

इतरत्र हा उशीर झाला नाही असे नाही, पण तो भरून काढला गेला. अमेरिकेत लोवेल या गिरण्यांच्या गावाला १९७८ मध्ये राष्ट्रीय ऐतिहासिक उद्यानाचा दर्जा मिळाला. तिथे एका विणाई शेडमध्ये माग चालवून दाखवतात, तो आवाज ऐकवतात, आणि गिरणीत काम करणाऱ्या मुलींच्या राहण्याच्या जागाही जपल्या आहेत. इंग्लंडमधले सॉल्टेअर आणि डरवेंटचे खोरे, जर्मनीतली झोलफेराइनची कोळसा खाण ही सगळी २००१ मध्ये जागतिक वारसा यादीत गेली. लंडनचे बॅटरसी वीजकेंद्र पडीक राहून राहून शेवटी २०२२ मध्ये दुकाने, घरे आणि कचेऱ्यांसाठी उघडले. तिथेही फार महाग घरे झाली यावर टीका आहे, पण टर्बाइनची दालने आणि चारही धुराडी जागच्या जागी दिसतात. यात गिरणगावासाठी घेण्यासारखा धडा लोवेलचा आहे. तिथे यंत्र, इमारत आणि राबणाऱ्यांचे घर या तिघांना एकत्र धरले.

गिरणगावात हे तिन्ही एकमेकांपासून तोडले गेले. इमारत बिल्डरकडे, यंत्र भंगारात, माणूस गावी. एक लाखाच्या वर गिरणी कामगारांनी आणि वारसांनी घरासाठी अर्ज केले. २०१२ पासून सोडती निघत आहेत, १ मार्च २०२० च्या सोडतीत बॉम्बे डाइंगच्या दोन गिरण्या आणि श्रीनिवास मिलच्या जागेवरची ३,८९४ घरे होती. अर्ज करताना जे कागद शोधावे लागले ते रत्नागिरीतल्या घरांत निघाले, पोटमाळ्यावरच्या पत्र्याच्या पेटीतून. हजेरीची कार्डे, प्रॉव्हिडंट फंडाच्या पावत्या, गिरणीचे ओळखपत्र, युनियनची पावती. सरकारी छाननीत हे कागद फक्त पात्रतेचा पुरावा ठरले. इतिहासाच्या दृष्टीने ते कोणत्या गावचा माणूस कोणत्या खात्यात किती वर्षे होता याचे एकमेव दफ्तर आहे.

रत्नागिरीच्या गावांतही या गिरण्यांच्या इमारती आहेत, असे मी समजतो. मनिऑर्डरीतून चढलेली जांभ्याची भिंत आणि कौले, मुंबईकर मंडळाने बांधलेला देवळाचा सभामंडप, शाळेच्या खोलीवरची देणगीदारांची पाटी. १९८२ नंतर गावाने संपकऱ्याला सांभाळले ते याच घरांत. आणि ज्या रेल्वेची कोकणाने पिढ्यान्‌पिढ्या वाट पाहिली ती २६ जानेवारी १९९८ ला पूर्ण होऊन आली तेव्हा तिने पोहोचायच्या गिरण्या बहुतेक बंद झालेल्या होत्या. गिरणगावाच्या कामगारांनी स्वतःच्या तोंडून सांगितलेला इतिहास मीना मेनन आणि नीरा आडारकर यांनी २००४ मध्ये पुस्तकरूपाने आणला. मुंबईत असे एक मोठे काम झाले. रत्नागिरीच्या बाजूने, गावात राहून, तेवढ्या तोलाचे काम अजून व्हायचे आहे.

ते कोणी करायचे याबद्दल माझ्या मनात संदिग्धता नाही. रत्नागिरीचे जिल्हा नगर वाचनालय १८२८ पासून आहे, मुंबईच्या पहिल्या गिरणीहून जुने. गोगटे-जोगळेकर महाविद्यालयात इतिहासाचे विद्यार्थी आहेत. गावोगावच्या मुंबईकर मंडळांच्या वह्यांत कोण कोणत्या गिरणीत होता याच्या नोंदी आहेत. पेटीतले कागद गोळा न करता नुसती त्यांची छायाचित्रे घ्यायची, मूळ कागद घरातच ठेवायचे, आणि गाव-गिरणी-खाते अशी यादी करायची, हे एका जिल्ह्याच्या आवाक्यातले काम आहे. काळाचौकीचे संग्रहालय पुरे होईल तेव्हा त्यात ही यादी असली पाहिजे, आणि ती असावी अशी मागणी रत्नागिरीच्या लोकप्रतिनिधींनी आजच महापालिकेकडे केली पाहिजे.

दुसरी मागणी उरलेल्या इमारतींची. महामंडळाच्या शेवटच्या चालू गिरण्या, परळची टाटा मिल त्यांतलीच, २०२० च्या टाळेबंदीत थांबल्या त्या पुन्हा सुरू झाल्या नाहीत. या जमिनींचे पुढे काय करायचे हे सरकार ठरवेल तेव्हा ठरवेल. त्याआधी प्रत्येक शेडचे मोजमाप घेऊन नकाशे काढावेत, किमान एक साळखाता छपरासकट आणि आत काही साच्यांसकट ठेवावा, आणि कोणत्या खांबापाशी कोणते काम चालायचे हे सांगायला कामगारांना आत न्यावे. १९८२ मध्ये वीस वर्षांचा असलेला कामगार आज साठी ओलांडून गेला आहे. संगमेश्वर, लांजा, राजापूर, गुहागर या तालुक्यांत असे लोक अजून आहेत, त्यांना जागा आठवते, यंत्रांची नावे आठवतात, जॉबर कुठे उभा राहायचा ते आठवते. नकाशा काढणाऱ्याने त्यांना बरोबर घ्यायचे असेल तर हाताशी पाच-दहा वर्षे आहेत.